संकलन नक्की किती? सांगलीकडच्या एका दूध डेअरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातली एक खाजगी डेअरी. नाव देत नाही, आणि खाली जे लिटर-किलो येतील ते हिशोब समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, बाकी प्रकरण घडलं तसंच आहे. दूध येतं खानापूर, आटपाडी, तासगाव या बाजूच्या गावांतनं, पाऊच जातात सांगली-मिरज आणि पलीकडं कोल्हापूरपर्यंत. बहुतेक गाईचं दूध, थोडं म्हशीचं. गावात संकलन केंद्र, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, चार-पाच गावांमधे एक बल्क कूलर, म्हणजे दूध थंड करून साठवायची मोठी टाकी, तिथनं टँकर आणि मग प्लांट. शेतकऱ्याचं बिल दर दहा दिवसांनी.

मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी मला बोलवलं ते डॅशबोर्ड करायला. मागणी एकदम साधी होती, "रोज सकाळी मोबाईलवर कालचं संकलन, घट, विक्री आणि चालू शेतकरी किती एवढं दिसलं पायजे, बाकी काय नको." डेटा तसा बरा होता. केंद्रांवर मशीन होती, प्लांटला काट्याची नोंद संगणकात, अकाउंटला टॅली, आणि प्रत्येक डिपार्टमेंटकडं स्वतःच्या एक्सेल फायली भरपूर.

अडचण

पहिल्याच मीटिंगला एकाच तारखेचं संकलन विचारलं तर तीन आकडे आले. संकलनाच्या साहेबांचा एक, प्लांटच्या मॅनेजरांचा दुसरा, आणि अकाउंटच्या मॅडमचा तिसरा. तिघंही आपापला कागद घेऊन बसलेले, तिघंही बरोबर होते, आणि तिघांनाही मनातनं वाटत होतं की समोरचा काहीतरी झाकतोय. मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट ती वाटली. आकड्यातला फरक काढता येतो, पण माणसं वर्षानुवर्षं एकमेकांवर संशय धरून काम करतात ते काढायला फार वेळ लागतो.

फरक कुठनं येत होता ते बघा. संकलन विभाग केंद्रांच्या पावत्यांची बेरीज करायचा, ती लिटरमधे. प्लांट टँकरचं वजन करायचा, ते किलोत, आणि त्याला भागून लिटर काढायचा. दूध पाण्यापेक्षा थोडं जड असतं, दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरवर २८ डिग्री आली म्हणजे लिटरचं वजन १.०२८ किलो. म्हणजे भागायला १.०३ घ्यायचं का १.०२७ का आणखी काय, यावर उत्तर बदलतं. अकाउंट बिलावरचे लिटर धरायचं, म्हणजे नासकं म्हणून परत गेलेलं वजा, मागच्या बिलातली दुरुस्ती अधिक. शिवाय तारखेचा घोळ वेगळाच. संध्याकाळचं दूध कूलरला रात्रभर राहतं आणि टँकर दुसऱ्या दिवशी उचलतो, त्यामुळं केंद्राच्या हिशोबात ते ३१ तारखेचं आणि प्लांटच्या हिशोबात १ तारखेचं, महिनाच बदलला.

आता हे नुसतं कागदावरचं भांडण असतं तर सोडून दिलं असतं, पण घट, म्हणजे केंद्रापासून प्लांटपर्यंत किती दूध कमी पडलं ते, यावरच ठरत होती. समजा पावत्यांची बेरीज १०,००० लिटर आणि टँकरचं निव्वळ वजन १०,२५५ किलो. १.०२७ नं भागलं तर ९,९८५ लिटर येतात, घट १५ लिटर. त्याच वजनाला १.०३ नं भागलं तर ९,९५६ लिटर, घट ४४. दूध तेच, टँकर तोच, ड्रायव्हर तोच, आणि घट जवळजवळ तिप्पट. या आकड्यावरनं आधी एका टँकर ड्रायव्हरला जाब विचारला गेला होता. तो माणूस काय उत्तर देणार, त्याच्या हातात ना भाजक ना एक्सेल.

फॅटचंही तेच. एका केंद्राचं १०० किलो दूध ४.० फॅटचं आणि दुसऱ्याचं ९०० किलो ३.४ चं असेल तर सरासरी ३.४६ येते, पण एक्सेलमधे दोन ओळींची सरासरी घेतली की ३.७ दिसतं. रोजच्या रिपोर्टात हेच व्हायचं आणि मग पावडर-क्रीमच्या हिशोबाशी काही केल्या जुळायचं नाही.

आणि चौथी गोष्ट म्हणजे चालू शेतकरी. २०२४ च्या जानेवारीत गाईच्या दुधाला लिटरमागं ५ रुपये सरकारी अनुदान सुरू झालं, त्यासाठी शेतकऱ्याचं बँक खातं, जनावराच्या कानातला १२ आकडी टॅग, सगळी माहिती डेअरीनं भरायची होती. तेव्हा पहिल्यांदा प्रश्न आला की आपल्याला दूध घालणारे शेतकरी नक्की किती? संकलनवाल्यांनी कोड दिलेले सगळे मोजले, अकाउंटनं त्या बिलात नाव असलेले, आणि पशुवैद्यकीय विभागानं टॅग मारलेल्या गोठ्यांचे. तीन याद्या, आणि कुठली कुठल्या यादीत बसते ते कुणालाच सांगता येईना. एकाच घरात बापाच्या नावावर एक कोड, पोराच्या नावावर दुसरा, आणि म्हशीच्या दुधाला तिसरा, असंही निघालं.

समोरचे पर्याय

अण्णांच्या टेबलावर एका मोठ्या सॉफ्टवेअरचं कोटेशन आधीच पडलेलं होतं. डेमो छान होता, सगळं एकाच ठिकाणी, मोबाईल ॲप, सगळं. मॅनेजरांचं मत होतं की हेच घेऊया, भांडणच मिटेल. माझं म्हणणं असं की ते सॉफ्टवेअर बसवायला जो पोरगा येईल तो पहिल्या दिवशी हेच विचारणार की तुमचं संकलन म्हणजे पावतीचं का काट्याचं, आणि त्या दिवशी आपल्याकडं उत्तर नसेल तर तो स्वतःच्या मनानं काहीतरी टाकणार आणि ते आपल्याला पुढं पाच वर्षं चालवावं लागणार. ते कोटेशन रद्द करा असं मी म्हणलं नाही, फक्त नंतर बघू म्हणलं.

दुसरा पर्याय अकाउंटच्या मॅडमनी मांडला, की प्रत्येकानं आपापलं चालू ठेवावं आणि महिन्याच्या शेवटी मेळ घालावा. खर्च शून्य. पण मेळ घालताना फरक कळतो, तोवर महिना संपलेला असतो आणि ज्या दिवशी दूध कमी पडलं त्या दिवसाचं कुणाला काही आठवत नाही.

तिसरा म्हणजे अण्णांनी हुकूम काढायचा, आजपासून प्लांटचाच आकडा खरा. झटपट काम होतं. यावर मी बराच विचार केला, कारण छोट्या धंद्यात बऱ्याचदा हेच चालतं आणि निभतं पण. पण इथं तसं करता येत नव्हतं. शेतकऱ्याचे पैसे पावतीवरच्या लिटरवर आहेत. तो आकडा प्लांटच्या काट्यानं बदलता येत नाही, बदलूही नये. म्हणजे दोन्ही आकडे लागणार होतेच.

चौथा, जो शेवटी घेतला. आधी व्याख्या कागदावर लिहायच्या, प्रत्येक आकड्याला वेगळं नाव, मग त्या व्याख्या एकदाच डेटाबेसमधे बसवायच्या आणि सगळे रिपोर्ट तिथनंच काढायचे. कुणीही स्वतःच्या फायलीत सूत्र लिहायचं नाही. याला वेळ जास्त लागणार आणि पहिले काही आठवडे दाखवायला काहीच नसणार, हे अण्णांना आधीच सांगितलं. ते म्हणले, "करा, पण दर शनिवारी मला एक गोष्ट तरी ठरलेली दिसू दे."

काय केलं

मीटिंगमधे बसून व्याख्या ठरवायला गेलो तर दिवसभर नुसती चर्चा होते. म्हणून आम्ही एका केंद्राचं एका संध्याकाळचं दूध धरलं आणि त्याचा माग शेवटपर्यंत काढला. खानापूर तालुक्यातलं एक केंद्र. शेतकरी किटली घेऊन येतो, केंद्रचालक दूध काट्यावरच्या भांड्यात ओततो, बाजूला छोट्या बाटलीत सँपल, ते मशीनला लावलं की फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) येतं आणि पावती निघते. पावतीवर लिटर. पण काटा तर वजन करतो, मग लिटर आले कुठनं? मशीनच्या सेटिंगमधे जाऊन बघितलं तर तिथं भाजक टाकलेला, १.०३. पुढच्या गावच्या केंद्रावर १.०२७. एका जुन्या केंद्रावर काटाच नाही, अजून मापानं दूध घेतात.

आम्ही ज्याला मूळ डेटा धरून चाललेलो ते पावतीचे लिटर खरं तर आधीच कुणीतरी भागून काढलेले होते, आणि भागणाऱ्यानं प्रत्येक गावात वेगळ्या आकड्यानं भागलेलं. मूळ मोजमाप किलो होतं आणि ते पुढं पाठवलंच जात नव्हतं.

इथनं दोन निर्णय निघाले. पहिला डेटाचा होता, सोपा: मशीनमधनं किलो आणि लिटर दोन्ही पाठवायचे, आणि घट फक्त किलोत मोजायची, केंद्राचे किलो वजा प्लांटचे किलो. दोन्हीकडं किलो असले की भाजकाचा प्रश्नच उरत नाही. मापाच्या केंद्राला काटा घ्यायचा.

दुसरा निर्णय पैशाचा होता. सगळ्या केंद्रांवर एकच भाजक ठेवायचा तर कुठला? १०० किलो दुधाला १.०३ नं भागलं तर ९७.०९ लिटर होतात, १.०२७ नं भागलं तर ९७.३७. ३० रुपये लिटर धरला तर १०० किलोमागं साधारण ८ रुपये ५० पैसे. एका शेतकऱ्याला रोजचे फार नाहीत, पण ज्या गावचा भाजक वाढवणार त्या गावातल्या प्रत्येकाचे कापले जाणार, आणि तेही त्याला न सांगता, एका सेटिंगमधनं. मी अण्णांना स्पष्ट सांगितलं की हा निर्णय रिपोर्टवाल्यानं घ्यायचा नाही. संकलनाचे साहेब म्हणले १.०३ करा, सगळीकडं तेच चालतं. अण्णांनी एक रात्र घेतली आणि दुसऱ्या दिवशी १.०२७ वर सही केली. कुणाचंही आधीपेक्षा कमी होणार नाही एवढीच त्यांची अट. खर्च किती वाढेल याचा हिशोब मॅडमनी त्याच दिवशी करून दिला आणि तो बघून पण अण्णा बदलले नाहीत. मला या कामात सगळ्यात समाधान या दिवसाचं आहे.

मग व्याख्यांची वही केली. एक नोंद इथं जशीच्या तशी देतो:

नाव: प्लांट आवक. अर्थ: प्लांटच्या काट्यावर उतरलेल्या दुधाचं निव्वळ वजन. एकक: किलो. दिवस: दूध ज्या पाळीत घेतलं त्या पाळीची तारीख, टँकर कधी पोचला ती नाही. धरायचं नाही: नाकारलेला टँकर, दुसऱ्या डेअरीकडनं विकत घेतलेलं दूध. कुठनं येतं: प्लांट काट्याची नोंद. जबाबदार: प्लांट मॅनेजर. कधीपासून: तारीख.

तसंच "पावती लिटर" वेगळं, जबाबदार संकलनाचे साहेब. "बिल लिटर" वेगळं, जबाबदार अकाउंटच्या मॅडम. नुसतं "संकलन" हे नाव कुठल्याच रिपोर्टात ठेवलं नाही. बोलताना लोक अजून संकलनच म्हणतात, म्हणू देत, पण स्क्रीनवर मात्र तीनातलं एक नाव लिहिलेलं असतं.

तारखेच्या नियमावर बराच वाद झाला. मॅनेजरांचं म्हणणं बरोबर होतं की टँकरमधे सकाळचं आणि संध्याकाळचं दूध मिसळतं, पाळी वेगळी काढणार कशी. शेवटी असं ठरलं की टँकर ज्या पाळ्यांचं दूध उचलतो त्यांची यादी कूलरवरच चलनात, म्हणजे टँकरबरोबर जाणाऱ्या कागदात, लिहायची आणि वजन केंद्राच्या किलोच्या प्रमाणात वाटायचं. हे अंदाजे आहे आणि वहीत तसं लिहिलंय. घट मात्र पाळीप्रमाणं दाखवायचीच नाही, टँकरच्या फेरीप्रमाणं दाखवायची, कारण मोजलेलं तेवढंच आहे.

चालू शेतकऱ्याची व्याख्या मला स्वतःला सगळ्यात आवडली, कारण ती गोठ्यातनं आली. मी आधी सुचवलेलं की ज्यानं या दहा दिवसांच्या बिलात दूध घातलं तो चालू, नाहीतर बंद. तर पशुवैद्यकीय विभागाचे डॉक्टर म्हणले, "अहो, एकच गाय असलेला माणूस गाय आटली की दोन महिने दूध घालूच शकत नाही, तो बंद कसा? तो तर वैरण टाकतोय." गाय व्यायच्या आधी साधारण ६० दिवस भाकड ठेवतात. म्हणून तीन कप्पे केले. या बिलात दूध आलं तो चालू. दूध आलं नाही पण शेवटचं येऊन ९० दिवस झाले नाहीत तो थांबलेला. ९० च्या पुढं बंद. ९० का, तर भाकड काळ आणि वर थोडा चीक-आजारपणाचा वेळ धरून. आणि मोजायचं कोड नाही, घर, म्हणजे एका बँक खात्यामागं एक. ज्यांची खाती वेगळी पण गोठा एक त्यांच्यासाठी केंद्रचालकांकडनं याद्या तपासून घेतल्या, त्याला सगळ्यात जास्त वेळ गेला.

यातच एक तांत्रिक गोष्ट सगळ्यांना समजावून सांगावी लागली. महिन्यातल्या तीन बिलांचे चालू शेतकरी बेरीज करून महिन्याचे चालू शेतकरी होत नाहीत, कारण माणसं तीच असतात. लिटरची बेरीज होते, माणसांची होत नाही, सरासरीची तर अजिबात नाही. म्हणून वहीत प्रत्येक आकड्यापुढं "बेरीज चालते का" असा एक रकाना वाढवला. आणि तिसरं बिल २१ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीत ८ किंवा ९ दिवस आणि जानेवारीत ११, त्यामुळं बिलाची तुलना बिलाशी करायचीच नाही, रोजच्या सरासरीत करायची.

पूरदिवसांचं पण ठरवलं. २०१९ च्या ऑगस्टमधे आणि २०२१ च्या जुलैमधे कृष्णेला पूर आला तेव्हा रस्ते बंद होते, काही केंद्रांचं दूध उचललंच गेलं नाही. जुन्या डेटात काही ठिकाणी शून्य होतं आणि काही ठिकाणी ओळच नव्हती, म्हणजे सरासरी काढताना एक केंद्र खाली ओढलं जायचं आणि शेजारचं सुटायचं. आता केंद्र बंद असेल तर "बंद" अशी नोंद कारणासकट करायचीच, शून्य म्हणजे केंद्र उघडं होतं पण दूध आलं नाही.

बसवायचं काम त्यामानानं लवकर झालं. डेटाबेसमधे प्रत्येक व्याख्येचा एक व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी), त्यावर पॉवर बीआय या रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमधलं एकच सिमँटिक मॉडेल, म्हणजे सगळ्या रिपोर्टांनी वापरायचा एकच साचा, आणि सूत्रं त्यातच. कुणाला एक्सेलमधे बघायची सवय असेल तर त्यांनी एक्सेल त्या मॉडेललाच जोडायचं. फॅटची सरासरी तिथं किलोनं वजन देऊन एकदाच लिहिली.

निकाल

सकाळचा मेसेज आता एक जातो. पहिल्या ओळीत पावती लिटर, दुसरीत प्लांट आवक किलोत, तिसरीत घट फेरीप्रमाणं, मग शेतकऱ्यांचे तीन कप्पे. सोमवारच्या मीटिंगमधे आकडा कुणाचा खरा यावर जो वेळ जायचा तो गेला.

घट किलोत मोजायला लागल्यावर बहुतेक फेऱ्या चांगल्या निघाल्या, आणि ज्या ड्रायव्हरला जाब विचारलेला त्याची फेरी तर सगळ्यात नीट. खरी घट दुसऱ्याच एका कूलरवर होती, तिथला काटा बरेच दिवस तपासून घेतलेला नव्हता. अण्णांनी त्या ड्रायव्हरला ऑफिसात बोलवून सगळ्यांसमोर ते सांगितलं. आकड्यांची कामं करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, आपल्या एका भाजकानं कुणाच्या तरी इमानावर डाग लागू शकतो.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. संकलनाच्या सुपरवायझरांचा इन्सेंटिव्ह जुन्या "संकलन" आकड्यावर होता. तो पावती लिटरवर नेला तेव्हा ज्यांच्या भागातला भाजक १.०३ होता त्यांचे लिटर काही न करता थोडे वाढले आणि बाकीच्यांनी लगेच तक्रार केली. त्यावर तीन महिने जुना-नवा दोन्ही आकडे शेजारी दाखवले आणि टार्गेट किलोवर ठरवून घेतलं. जुना इतिहास किलोत काढता आला नाही, कारण किलो साठवलेलेच नव्हते. चार्टवर बदलाच्या तारखेला एक उभी रेघ मारली आणि तिच्या अलीकडं-पलीकडची तुलना करू नका असं तिथंच लिहिलं.

विक्रीचा आकडा अर्धवट आहे. स्कीमचे फुकट पाऊच, गळके पाऊच, परत आलेले क्रेट हे विक्रीत धरायचे का यावर मार्केटिंग आणि अकाउंट अजून एकमत नाहीत, तोवर मेसेजमधे "डिस्पॅच" (प्लांटमधनं बाहेर गेलेला माल) एवढंच लिहितो, विक्री म्हणत नाही.

पुन्हा असं काम आलं तर

केंद्रावर पहिल्या आठवड्यातच जावं, ऑफिसातल्या याद्या नंतर. मोजमाप जिथं होतं तिथं काट्याचं सेटिंग, घड्याळ, पावती हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय व्याख्या लिहायला घेऊ नये. दुसरं, आकडा कुणाच्या पगाराला किंवा बिलाला बांधलेला आहे ते सुरुवातीलाच विचारावं, कारण विरोध तिथनंच येतो आणि तो रास्त असतो. इन्सेंटिव्हची बोलणी व्याख्येबरोबरच चालू केली असती तर ते तीन महिने बरेच हलके गेले असते.

आणि सगळ्या व्याख्या एकदम काढायच्या मागं लागू नये. आम्ही घट आधी घेतली कारण तिथं माणसाला त्रास होत होता, आणि ती ठरवताना किलो, भाजक, तारीख हे तिन्ही आपोआप ठरत गेले.

म्हशीच्या दुधाचा प्रश्न राहिलाय. ते गाईच्यापेक्षा थोडं जड भरतं, म्हणून भाजक वेगळा ठेवावा असं मॅनेजर म्हणतात, आणि एका केंद्रावर दोन सेटिंग ठेवली की चुका होणार असं केंद्रचालक म्हणतात. दोघांचंही खरं आहे. आवक वाढली की दोन केंद्रांवर महिनाभर दोन्ही आकडे लिहून बघायचं आणि मग अण्णांपुढं ठेवायचं असं ठरलंय, तोवर १.०२७ च.